खाचांची फळी

फळी मधोमध कापली गेली तेव्हा खुशालरावांच्या मनात अपराधाचा लवलेशही नव्हता. उलट मशीन इतकं सरळ चाललं की त्यांनी मान डोलावून स्वतःलाच दाद दिली. लाकूड जुनं होतं, जड होतं, आणि कापताना त्याला असा काही गोडसर वास सुटला की कूलरवर झोपलेल्या मांजरानंही नाक वर केलं.

मांजर त्यांच्या लेकीचं. वर्षालीची नोकरी पुण्याहून हैदराबादला गेली आणि तिथल्या घरमालकाला प्राणी चालेनात. म्हणून "थोडे दिवस, बाबा" असं म्हणून ती ते अमरावतीला आणून सोडून गेली. तिनं त्याचं नाव मफिन ठेवलं होतं. ते खुशालरावांच्या जिभेवर बसेना, म्हणून ते तिला नुसतं 'बाई' म्हणत. "बाई जेवली काय?" "बाई कोठी गेली?" सुरुवातीला कॉलनीतल्या लोकांना वाटलं, यांच्याकडे कामाला कोणी लागलं आहे, आणि दोघीतिघींनी तिचा पगारही विचारून घेतला.

बाईला उंचावर बसायची हौस. एप्रिलच्या अमरावतीत घरातली उंच आणि गार जागा म्हणजे कूलरचं डोकं. ती तिथे बसे आणि कंटाळा आला की कूलरच्या जाळीतलं गवत नखांनी उपसून घरभर उडवी. तिथून हाकललं की देवघराच्या फळीवर. एका संध्याकाळी दिवा लावताना साधनाताईंना गणपतीच्या शेजारी दोन हिरवे डोळे दिसले. त्यांनी दिवा लावून घेतला, हात जोडले आणि नवऱ्याकडे वळून निकाल दिला. "एक तं बाईले बसाले जागा करा, नाई तं मले."

वर्षालीनं फोनवर एक चित्र पाठवलं. मांजरासाठी लाकडी मनोरा, त्याला मजले, चढायला उतार, वर खोपटं. किंमत पाहून खुशालरावांनी चष्मा काढून पुसला. "इतक्यात तं मी बाईले अख्खं स्टेशन बांधून देतो," ते म्हणाले.

स्टेशन हा शब्द उगाच नव्हता. खुशालरावांची सगळी नोकरी बडनेऱ्याला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात गेली. रिटायर झाल्यावर त्यांनी लाकूड कापायचं मशीन घेतलं आणि आपण मुळात सुतारच व्हायला हवं होतं, असं त्यांच्या ध्यानात आलं. घराच्या ध्यानात मात्र वेगळंच आलं. जेवणाच्या टेबलाचा एक पाय डुगडुगत होता. तो बाकीच्यांशी सारखा करता करता चारही पाय इतके आखूड झाले की आता जेवताना गुडघे ताटाच्या वर येत. चपलांसाठी केलेल्या मांडणीत वर्षालीच्या लहानपणच्या चपला तेवढ्या मावत.

साधनाताई भावाच्या नातवाच्या बारशाला अकोल्याला, जठारपेठेत गेल्या आणि खुशालरावांना वाटलं, हीच वेळ. ती परत येईल तेव्हा मनोरा उभा पाहिजे. मधल्या खोलीत दाराआड जुन्या पलंगाचं लाकूड रचून ठेवलं होतं, आणि त्या ढिगाच्या अगदी पुढे, हात घातला की हाती येईल अशी, ती फळी उभी होती. छातीपर्यंत लांब, वीतभर रुंद, आणि एका अंगाला या टोकापासून त्या टोकापर्यंत बारीक बारीक खाचा. खुशालराव हरखले. मांजराला चढायला याच्याहून चांगला उतार कोणता? नखं रुतायला खाचा आयत्याच. कुठल्यातरी जुन्या खिडकीची असावी, असा त्यांनी अंदाज केला, आणि तिचे दोन उतार केले.

आता ती फळी कसली, हे वऱ्हाडातल्या कोणत्याही बाईनं अंधारात हात लावून सांगितलं असतं. पण खुशालरावांनी जन्मभर शेवया खाल्ल्या त्या ताटात आलेल्या. त्या होताना पाहायची त्यांना बंदी होती. त्यांच्या आईचा तसा दंडकच होता, की पुरुषाची सावली पडली तर शेवईची तार तुटते. शेवयांच्या दिवशी घरातले झाडून सगळे पुरुष, पाळण्यातले सोडून, बाहेर काढले जात. लग्नानंतर दर उन्हाळ्यात त्या दिवशी खुशालराव आपणहून डबल ड्यूटी मागून घेत.

दुपारपर्यंत मनोरा उभा राहिला. खाली एक नंबर प्लॅटफॉर्म, मधे दोन नंबर, वर सिग्नलची केबिन, आणि खाचांच्या फळीचे दोन उतार. त्यांनी तो मधल्या खोलीत आईच्या फोटोखालीच उभा केला, कारण तिथली फरशी तेवढी सपाट होती. बाईला उचलून एक नंबरवर ठेवलं. तिनं उताराचा वास घेतला, खुशालरावांकडे पाहिलं, उतरली आणि जाऊन कूलरवर बसली.

"सवय होईन," खुशालराव म्हणाले. तेवढ्यात फाटक वाजलं.

समोरच्या बेबीताई होत्या. त्यांच्या मोनालीचं लग्न अक्षयतृतीयेनंतर ठरलेलं, त्यामुळे बेबीताई हल्ली चालत नसत, धावत.

"काय वो भाऊजी, सकाळपासून मशीनचा आवाज येऊन राहिला. काय बनवून राहिले?"

"काही नाही. बाईचं जरा काम होतं."

"बरं. माया पाट द्या. साधनानं मागं नेला होता. उद्या मोनालीच्या रुखवताच्या शेवया हायेत."

"पाट होय? सैपाकघरात दोन हायेत. कोणता देऊ?"

बेबीताई हसल्या. "बसाचा नाही वो बाप्पा. शेवयाचा पाट. लांब, जड, खाचाखाचाचा."

खुशालरावांना हे आधी ऐकू आलं, मग समजलं.

"खाचाखाचाचा," ते म्हणाले.

"हो. माया आजीचा हाय थो. मायच्या लग्नाच्या शेवया त्याच्यावर झाल्या, माया लग्नाच्या झाल्या, आता पोट्टीच्या होतीन. मी कोणाले देत नसतो, पण साधना म्हणे आमचा चालत नाही, म्हणून देला. कोठी ठेवला तिनं?"

"मधल्या खोलीत," खुशालरावांच्या तोंडून खरं निघून गेलं, आणि ते झाकायला मागोमाग खोटं धावलं. "पण थ्या खोलीले साधना कुलूप लावून गेली. किल्ली अकोल्याले."

त्याच क्षणी मधल्या खोलीचं दार ढकलून बाई शांतपणे बाहेर आली. ती कूलरवरून कधी उतरली आणि आत कधी गेली, कोण जाणे. बेबीताईंनी बाईकडे पाहिलं, मग दाराकडे.

"दार तं उघडं हाय."

"ते," खुशालराव म्हणाले, "बाईपुरतं उघडं हाय."

बेबीताईंचा आवाज मऊ झाला. "भाऊजी, ऊन लागलं काय तुमाले? बाहेर निघाले तं खिशात कांदा ठेवत जा. थांबा, मी साधनाले फोन करतो."

"नोको, नोको. बारशाची गडबड असन. मीच विचारतो अन् आणून देतो."

"सांजपर्यंत आणजा. पाट धुवून सुकवा लागते."

बेबीताई गेल्या. खुशालरावांनी दार लावलं, बैठकीतल्या दिवाणावर बसले आणि घाम पुसला. तीन पिढ्यांचा पाट. या कॉलनीत बेबीताई नि साधनाताईंचं सूत जमायला किती वर्षं लागली, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. आधी सांडपाण्यावरून अबोला, मग शेवग्याच्या झाडावरून. आता कुठे दोघी एकमेकींकडे वाटी घेऊन जात होत्या, आणि पाट देणं म्हणजे तर या मैत्रीवरचा शिक्का. तो शिक्का त्यांनी मधोमध कापला होता, आणि वर दोन दोन स्क्रू मारले होते. शिवाय लग्न तोंडावर. मोनाली त्यांच्या अंगाखांद्यावर वाढलेली पोर. तिच्या शेवयांचा पाट मांजराच्या पायाखाली.

फोन वाजला. पडद्यावर साधना. म्हणजे बेबीताईंनी तरीही कळवलंच. खुशालरावांनी फोन उचलला नाही, त्यावर दिवाणाची उशी ठेवली. फोन उशीखाली बराच वेळ गुरगुरत राहिला.

मग ते उठले, स्क्रू काढले, दोन तुकडे पोत्यात घातले आणि स्कूटरवर बडनेरा गाठलं. जुन्या वस्तीत बद्रुद्दीनभाईंचं फर्निचरचं दुकान. दोघांची दोस्ती पार्सल ऑफिसातली. बद्रुद्दीनभाईंचं लाकूड यायचं आणि खुशालराव ते सोडवून द्यायचे. दुकानामागेच त्यांचं घर.

बद्रुद्दीनभाईंनी तुकडे उलटसुलट करून पाहिले. "हे काय हाय भाऊ? कपडे धुवाची फळी?"

"शेवयाचा पाट म्हणते."

"शेवई अशी होते?"

"मले काय माईत? मले वाटे मशीननं होत असन."

"आमच्या घरी बी ईदले होते," बद्रुद्दीनभाई विचारात पडले. "पर मैं तो दुकान में रहता. कसी होते, कधी पायलंच नाही." त्यांनी एक डोळा मिटून कापलेली कड पाहिली. "कापलं मात्र सरळ हाय, भाऊ. हात बसून राहिला तुमचा."

एरवी या शाबासकीवर खुशालराव महिनाभर जगले असते. "जोडता येईन काय, ते सांगा."

"येईन ना. आतून दोन खुंट्या, वरून गोंद. जोड शोधून सापडनार नाही."

तेवढ्यात शकीलाभाभी पाण्याचे ग्लास घेऊन मागच्या दारातून आल्या. ट्रे टेबलावर ठेवायला वाकल्या आणि तशाच राहिल्या.

"ये किसने काटा?"

दोघा म्हाताऱ्यांनी दुकानातल्या मशीनकडे पाहिलं, जणू तेच बोलेल.

"भाईसाब, शेवईचा पाट कापला तुमी?"

"भाभी, मले माईत नोतं."

"आणि तुमी?" त्या नवऱ्याकडे वळल्या. "तुमी तरी सुतार ना? दर ईदले दोन दोन कटोरे शीरखुर्मा पिता, अन् पाट ओळखत नाही?"

"मैंने बोला ना, कपडे धोने का होगा," बद्रुद्दीनभाई हळूच म्हणाले.

शकीलाभाभींनी तुकडा मांडीवर घेतला आणि खाचांवरून अंगठा फिरवला. "जोडून काही होत नाही. जोडावर हर तार तुटन." मग पुन्हा अंगठा फिरवला आणि भुवया वर गेल्या. "तसा बी घासून सपाट झाला हाय हा. लय वर्सं कोणीतरी लय जोर लावला याच्यावर. अशानं शेवई उतरते तरी कशी, अल्ला जाने."

हे वाक्य खुशालरावांनी नीट ऐकलं असतं तर पुढचं बरंच काही टळलं असतं. पण त्यांच्या कानात मोनालीच्या लग्नाचा बॅंड वाजत होता, आणि तोही बेसूर.

"भाभी, तुमच्याकडं हाय ना पाट? उद्यापुरता द्या. बेबीताईले दिसला तं..."

"बाई आपला पाट ओळखत नाही काय?" शकीलाभाभी म्हणाल्या. "पाट देतो मी. पर माझा पाट एकटा कुठं जात नाही. अम्मीनं दिला तवापासून जिथं पाट, तिथं मी. सकाळी घेऊन येतो. तुमी आज जाऊन त्या बाईले खरं सांगा."

"त्याच्याशिवाय दुसरं काही करता येईन काय?"

"नाही."

बद्रुद्दीनभाईंनी दोन लोखंडी कोन खुशालरावांच्या हातात दिले. "आता कापलाच हाय तं तुकडे वापस घेऊन जा अन् पक्के बसवा. अठी ठेवले तं ही मले रोज दाखवीन."

संध्याकाळी खुशालराव बेबीताईंच्या फाटकापाशी गेले. खरं सांगायचंच असं ठरवून गेले होते. अंगणात मोनाली बसून रुखवताच्या बरण्यांवर रंगीत कागद चिकटवत होती. तिनं मान वर करून "काका, बाईचं झालं काय काम?" असं हसून विचारलं, आणि ठरवलेलं खरं खुशालरावांना सांगवेना.

"बेबीताई," ते म्हणाले, "पाट सकाळी येते."

"येते म्हणजे? पायानं येते काय?"

"रिक्षानं."

बेबीताईंनी आत जाऊन कांदा आणला आणि त्यांच्या हातावर ठेवला.

घरी येऊन त्यांनी बद्रुद्दीनभाईंच्या कोनांनी उतार पुन्हा बसवले आणि मग फोन पाहिला. साधनाताईंचे इतके फोन येऊन गेले होते की पडदा खाली सरकवावा लागला. काहीतरी कळवणं भाग होतं. त्यांनी विचार करून लिहिलं : 'मी मजेत आहे. जेवलो. भांडी घासून ठेवली.' तिकडे जठारपेठेत बारशाच्या पेढ्याचा घास घेता घेता साधनाताईंनी हे वाचलं. पहिल्या वाक्याला त्यांना काही वाटलं नाही, दुसऱ्याला शंका आली, आणि तिसरं वाचून त्यांनी भाच्याला सकाळच्या पहिल्या गाडीचं तिकीट काढायला सांगितलं.

सकाळी रिक्षा बेबीताईंच्या दारात थांबली तेव्हा खुशालराव दाढी करत होते. कोपऱ्यावर उभं राहून शकीलाभाभींना गाठायचं, हा त्यांचा बेत होता. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून, सदऱ्याची बटणं वर-खाली लावत ते रस्ता ओलांडून पळाले.

उशीर झाला होता. बेबीताईंच्या अंगणात हिरव्या नेटखाली बाज टाकलेली, तिच्या कडेवर पाट तिरपा टेकायला जागा केलेली. भिजवून कुटलेलं पीठ ओल्या फडक्यात झाकलेलं. कॉलनीतल्या पाच-सहा बाया पदर खोचून तयार. मोनाली हळदी-कुंकवाची वाटी घेऊन उभी. आणि मधे शकीलाभाभी, हातात चहाचा कप, समोर फुलाफुलांच्या चादरीत गुंडाळलेला पाट. भाभींना वाटलं होतं की भाईसाबांनी सगळं सांगितलं आहे. बेबीताईंना वाटलं होतं की ही साधनाकडची कोणी पाहुणी पाट घेऊन आली आहे. म्हणून दोघी अगदी मोकळेपणी कोणता गहू चांगला, यावर बोलत होत्या.

बेबीताईंनी चादर उलगडली.

"हा माया नाही," त्या म्हणाल्या.

"नाही ना. माझा हाय," शकीलाभाभी म्हणाल्या.

"मंग माया?"

शकीलाभाभींनी कप खाली ठेवला आणि फाटकाकडे पाहिलं. मग सगळ्याच बायांनी पाहिलं. साबण लावलेला एक गाल घेऊन खुशालराव तिथे उभे होते.

"बेबीताई," ते म्हणाले, "मी कापला."

"काय कापला?"

"पाट. दोन तुकडे झाले."

"कायले?"

इथे खुशालरावांना जमिनीनं गिळलं असतं तर बरं वाटलं असतं. "मांजरीले. चढाले उतार पाहिजे होता."

कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. बेबीताई ओरडतील, म्हणून खुशालरावांनी मान खाली घातली होती. पण बेबीताई ओरडल्या नाहीत. त्या बाजेच्या कडेवर बसल्या आणि दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवले. "आजी म्हणे," त्या हळू म्हणाल्या, "तुया पोट्टीच्या शेवया पाहाले मी काही राहात नाही, पाट तेवढा राहीन."

मोनाली वाटी तशीच धरून आईजवळ बसली. खुशालरावांना वाटलं, या बाईनं आपल्याला दोन शिव्या दिल्या असत्या तर केवढे उपकार झाले असते.

शकीलाभाभी उठल्या. "बेबीबहन, हा माझ्या अम्मीचा पाट हाय. लडकीच्या शेवया याच्यावर होऊ दे. पीठ वाळून जाईन. रडाचं ते मंग रडू. मीबी रडतो तुमच्यासंग."

बेबीताईंनी डोळे पुसले आणि मान हलवली. तेवढ्यात रस्त्यावर दुसरी रिक्षा थांबली. साधनाताई उतरल्या. हातात पिशवी, चेहऱ्यावर रस्ताभर केलेले वाईट विचार. नवरा दोन पायांवर उभा दिसला तेव्हा आधी त्यांनी श्वास सोडला. मग त्यांना साबण दिसला, मग बेबीताईंचे डोळे.

"काय झालं वं, बेबीताई?"

"तुया नवऱ्यानं माया पाट कापला, साधना."

साधनाताईंनी पिशवी खाली ठेवली. नवऱ्याकडे इतका वेळ पाहिलं की गालावरचा साबण वाळला.

"फोन कावून नाही उचलला तुमी?"

"मले वाटलं, तुले समजलं."

साधनाताई रस्ता ओलांडून घरात गेल्या. दिवाणाची फळी उघडल्याचा करकर आवाज अंगणापर्यंत आला. परत आल्या तेव्हा त्यांच्या काखेत जुन्या साडीत गुंडाळलेलं काहीतरी लांब, जड होतं.

"हा घ्या," त्या म्हणाल्या. "काल अकोल्याले आठवलं, तं दिवसभर फोन करून राहिली की दिवाणात हाय, बेबीताईले देऊन द्या. यायनं मशीन घेतल्यापासून मी घरातलं लाकूड कुलपात ठेवतो. पोळपाटबी दिवाणात हाय."

बेबीताईंनी घाईघाईनं साडी सोडली. पाटाच्या एका कोपऱ्यात त्यांच्या आजीनं तांब्याचा एक खिळा ठोकून ठेवला होता. बेबीताईंचं बोट थेट त्या खिळ्यावर गेलं आणि तिथेच थांबलं. मग त्या हसायला लागल्या, डोळ्यांतलं पाणी तसंच ठेवून. मोनाली हसली, शकीलाभाभी हसल्या, आणि मग अंगणभर असा हशा झाला की नेटवरचं साळुंक्यांचं जोडपं उडालं. खुशालराव मटकन खाली बसले, ते बाजूला पडलेल्या एका ओल्या फडक्यावर.

तो गारवा पाठीपर्यंत चढला तेव्हा कुठे त्यांना प्रश्न पडला.

"मंग मी काय कापलं?"

साधनाताई बेबीताईंच्या पाटाखालची साडी घडी करत होत्या. घडी नीट झाल्यावर म्हणाल्या, "तुमच्या मायचा."

शकीलाभाभींनी "म्हणूनच सपाट होता" असं स्वतःशीच म्हटलं आणि पदर खोचला.

मोनालीनं दोन्ही पाटांना हळदी-कुंकू लावलं. बाजेवर दोन पाट शेजारी शेजारी तिरपे टेकले गेले. एकावर बेबीताई, दुसऱ्यावर शकीलाभाभी. पिठाचा गोळा वर ठेवून तळहातानं खाचांवरून घासत न्यायचा, की खालून केसासारख्या तारा उतरत, आणि खाली बसलेल्या बाया त्या काठीवर झेलत. खुशालराव आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. तोंड उघडं राहिलं होतं. मग आईचा दंडक आठवला आणि ते मागे सरकायला लागले.

"भाऊजी, जाता कोठी?" बेबीताई म्हणाल्या. "नेटमधून ऊन येऊन राहिलं. अठी उभे राहा बरं, जरा सावली पाडा. तेवढं तं करा."

म्हणून खुशालराव उभे राहिले. ऊन सरकलं तसे तेही सरकले. सकाळभर त्यांची लांबरुंद सावली मोनालीच्या शेवयांवर पडून होती आणि एक तार तुटली नाही.

दुपारी दोघं घरी आली. साधनाताईंनी मधल्या खोलीत जाऊन मनोरा पाहिला. बद्रुद्दीनभाईंच्या कोनांनी उतार पक्के बसले होते. सगळं काही न डुगडुगता उभं होतं. खुशालरावांच्या हातची अशी ही पहिलीच वस्तू. वर फोटोत सासूबाई, नऊवारीत, ओठ घट्ट मिटून.

"मायचा पाट होता म्हणतं तू," खुशालराव दाराशीच उभे राहून म्हणाले. आवाज जरा ओला होता. "मले माईत असतं तं मी हात नसता लावला."

"माईत हाय मले," साधनाताई म्हणाल्या. त्या दिवाणाकडे गेल्या नाहीत, मनोऱ्याजवळच्या खुर्चीवर बसल्या. "लग्नानंतर पहिल्या उन्हाळ्यात तुमच्या मायनं मले याच्यावर बसवलं. तवाच हा असा गुळगुळीत झालता. माया शेवया जाड उतरल्या. मायनं शेजारच्या बायाले बोलावून दाखवल्या. म्हणे, पाहा, आमच्या सुनेनं बैलाचं दावं वळलं." त्यांनी पदरानं मान पुसली. "दर उन्हाळ्यात म्हणे. माय गेली तवापर्यंत. अन् पाट तं काही जाळता येत नाही, फेकता येत नाही. सासूचा पाट."

खुशालराव ऐकत राहिले. तीसेक उन्हाळे ते त्या दिवशी डबल ड्यूटीवर होते. रात्री ताटात शेवया आल्या की ते म्हणायचे, छान झाल्या. त्या जाड आहेत की बारीक, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

मग त्यांच्या डोक्यात काहीतरी सावकाश, मालगाडीसारखं, आत आलं.

"साधना, बेबीताईचा पाट तू दिवाणात लपवला. पोळपाट लपवला. मंग हा बाहेर कावून ठेवला? अन् थोबी ढिगाच्या पुढं?"

साधनाताई पंख्याकडे पाहत होत्या.

बाई कूलरवरून उतरली. अंगाला आळोखेपिळोखे देत मधल्या खोलीत आली, मनोऱ्याभोवती एक फेरी मारली आणि पहिल्या उतारापाशी थांबली. पुढचे दोन्ही पाय वर टेकवले, पाठ ताणली, आणि सगळी नखं बाहेर काढून वरपासून खालपर्यंत, त्या झिजल्या खाचांवरून, अशी काही खर्रर्र करून ओढली की फोटोची काच हलली असावी. मग पुन्हा. मग पुन्हा.

"घास बाई, घास," साधनाताई मायेनं म्हणाल्या. "जोर लावून घास."

त्या उठून सैपाकघरात गेल्या. फ्रिज उघडल्याचा आवाज आला. आजवर बाईला मिळायचं ते पाणी घातलेलं दूध. त्या दिवशी वाटीत दुधावरची सगळी साय होती. खुशालरावांनी चहाला दूध मागितलं तर म्हणाल्या, "आज काळा प्या."

त्यांनी तो मुकाट्यानं प्यायला, आणि छान झाला म्हणाले.